मागाची खोली आणि जुने कर्णे

१५ जानेवारी २०२४, वडगाव, बेळगाव

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर मागाची खोली रिकामी केली. आजोबांचा माग उतरवून पस्तीसेक वर्षं झाली. तेव्हापासून इथे सुताची पोती, मोडके धोटे आणि लग्नाकार्याची भांडी पडून होती. आता ही गाणं ऐकायची खोली.

टेप लावला. लांबी १८ फूट, रुंदी १२, माळ्याच्या फळ्यांपर्यंत उंची साडेदहा. भिंती मातीच्या, हातभर जाड. पुढच्या भिंतीच्या एका कोपऱ्यात परसाकडचं दार, म्हणजे अखंड कोपरा एकच. पूर्वेच्या अंगाला खड्डामागाचा खड्डा, वर फळ्या टाकलेल्या. त्यावरून चाललं की ढब ढब वाजतं.

समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या सुराची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते, तो सूर खोली आपणहून घुमवते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर लांबीचा घुमारा ३१ हर्ट्झला, रुंदीचा ४७ ला, उंचीचा ५४ ला. रुंदी आणि उंचीचे घुमारे इतके जवळ आहेत की तिथे खोली फुगणारच.

कर्ण्याचेच स्पीकर का हवेत, तेही आज लिहून ठेवतो. पलीकडच्या खोलीत आई लवकर झोपते. शेजारचे यंत्रमाग रात्री थांबल्यावर माझं ऐकणं सुरू होतं, तेव्हा आवाज बारीक ठेवावा लागतो. आत्ताच्या लहान स्पीकरवर आवाज बारीक केला की गाणाऱ्याचा श्वास आधी जातो, मग शब्द, शेवटी नुसती चाल उरते. कर्ण्यावर तसं होत नाही, हे मी लहानपणापासून ऐकलंय. भिशी आणि साठवलेले मिळून तीन लाख आहेत. नवे कर्णे त्यात बसत नाहीत, जुने बसू शकतात.

२८ जानेवारी

काय ऐकायचं हे ठरल्याशिवाय काय घ्यायचं ते ठरत नाही. माझ्या तबकड्यांत दहातल्या आठ गायकीच्या आहेत. म्हणून आज कागदावर सुरांच्या पट्ट्या मांडल्या.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, तार षड्ज २७७, तार पंचम ४१५. तानपुऱ्याची खर्जाची तार ६९. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज २०८, तार षड्ज ४१५. आता जुन्या कर्ण्यांकडे बघू. बहुतेकांत खालचा आवाज पंधरा इंची कोनकडे, म्हणजे स्पीकरच्या कागदी पडद्याकडे, आणि वरचा कर्ण्याकडे जातो, आणि ही वाटणी ४००, ५०० नाहीतर ८०० हर्ट्झला होते. म्हणजे तान वर चढते नेमक्या त्या जागी आवाज एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आकाराचा खुलेपणा त्याच्याही वर असतो. पाया एकीकडून आणि खुलेपणा दुसरीकडून, अशी बाईची वा बुवांची दोन तुकड्यांत वाटणी ऐकायला लागली तर त्या स्पीकरचं नाव कितीही मोठं असो, मला उपयोग नाही.

यावरून तपासणीची रीत ठरवली. हार्मोनियमवर मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत सरगम, एकेक सूर चार सेकंद, भाता सारखा ठेवून, अशी मोबाइलवर भरून घेतली. जिथे जाईन तिथे हीच आधी वाजवायची. सूर चढताना आवाज जागा बदलतो का, एवढंच ऐकायचं. त्यानंतर गंगूबाई हनगल. बाईंचा तो भारदस्त, पुरुषी आवाज वाटणीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना इतका भरलेला आहे की स्पीकरमधली फट लगेच कळते.

११ फेब्रुवारी, खानापूर

मामांकडे. मामांनी तीस वर्षं मंडप आणि स्पीकर सर्विस चालवली. जत्रा, लग्न, सभा, भजनी सप्ता, सगळीकडे त्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे भोंगे. परसात अजून सहा आहेत, एकात चिमणीचं घरटं.

जुना माल कसा बघायचा ते मामांनी हातात घेऊन दाखवलं. आधी मीटर लावून दोन्ही बाजूंच्या कॉइलचा रोध बघायचा. आकडा किती यापेक्षा दोन्हींचा जुळतो का, ते महत्त्वाचं. मग कोन. "दोनी हातांनी दाब, सारखा. आत खरखर लागली तर कॉइल घासालीया. खरं एका बाजूनं दाबलास तर चांगली कॉइल पण घासतीया, तवा उगंच माणसाला नावं ठेवायची न्हाई." मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून कोन पुढे येतो की मागे जातो ते पाहायचं. जुन्या जेबीएलचा लाल टोकाला धन दिल्यावर मागे जातो, इतर पुष्कळांचा पुढे, त्यामुळे दोन कंपन्यांचा माल जोडताना खालचा आणि वरचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. कोनची कड फोमची असेल तर ती कुजलेली धरूनच चालायचं, कापडाची पन्नास वर्षं टिकते. आणि युनिटला, म्हणजे कर्ण्यामागच्या पडदा हलवणाऱ्या भागाला, खालचे सूर थेट कधी द्यायचे नाहीत, मध्ये कंडेन्सर हवाच, नाहीतर पडदा फाटतो.

कर्ण्याची करामत मामा एका वाक्यात सांगतात: "भोंगा आवाज वाढवत न्हाई, वाया जाणारा वाचवतोय." ते खरंच आहे. पडदा जड, हवा हलकी. उघड्यावर पडदा नुसता हलतो आणि हवा पकडीत येत नाही. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात हवा कोंडली की पडद्याला टेकू मिळतो आणि पुढे गळा बेताबेताने रुंद होत ती हालचाल बाहेरच्या हवेला सोपवतो. म्हणून पडद्याला थोडंच हलावं लागतं, आणि थोडं हलणारा पडदा चुकाही थोड्याच करतो.

३ मार्च, निपाणी

एक बंद सिनेमागृह. आता मालकांनी ते तंबाखूच्या पोत्यांना आणि लग्नसराईत खुर्च्यांना भाड्याने दिलंय. पडद्यामागचा स्पीकर अजून जागेवर आहे असं कळलं होतं, म्हणून मामांना घेऊन गेलो.

पडद्याच्या मागे गेल्यावर काही वेळ बोलायचं सुचलं नाही. माणसाहून उंच लाकडी बॉक्स, आत वर-खाली दोन पंधरा इंची कोन, दोन्हींच्या पुढे लाकडाचाच रुंद होत गेलेला गळा. माथ्यावर दहा खणांचा कर्णा, पाच वर, पाच खाली, खणांच्या मधल्या फटी डांबरासारख्या लुकणाने भरलेल्या. त्याच्या मागे युनिट, पाटीवर अल्टेक लान्सिंग आणि २८८ हा आकडा. बॉक्सला पाटी नाही, तो इथल्याच कुणा सुताराने नकाशावरून केलेला असावा, पण काय केलाय! सांधा कुठे शोधून सापडत नाही.

एका कोनला उंदरांनी मुठीएवढं भोक पाडलेलं. दुसरा शाबूत. युनिटने मीटरवर आकडा दाखवला. माझं पाच वॅटचं व्हॉल्व्हचं मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, बरोबर होतं, आत आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईएल ८४ व्हॉल्व्ह आहेत. मामांनी हालअहवाल बघून तारा जोडल्या आणि सरगम लावली.

पहिल्या रांगेच्या जागी उभा होतो. मंद्र सप्तक छातीच्या उंचीवरून आलं. मध्य सप्तकात धैवत-निषादापाशी आवाज ताणल्यासारखा झाला आणि तार षड्जानंतर तो चक्क डोक्यावर चढला. हार्मोनियम उभी केल्यासारखी. मग बाल्कनीत गेलो. तिथून तीच सरगम एकसंध, एका जागेवरून, आणि पाच वॅटमध्ये सगळं सभागृह भरलेलं. बाईंचा षड्ज लागला तेव्हा खाली पोती रचणारे दोघे हात थांबवून वर बघायला लागले.

१० मार्च

आठवडाभर कागद पुढे घेऊन बसलो. निपाणीचा कर्णा घ्यायचा नाही.

दार आडवं आलं नाही, तो आडवा करून आत येईल. आडवं आलं ते अंतर. त्या बॉक्समध्ये कर्ण्याचा मध्य आणि कोनांचा मध्य यांत साडेतीन फूट भरले. वाटणी ५०० ला असेल तर तिथली तरंगलांबी ६९ सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आसपास. दोन उगमांतलं अंतर तरंगलांबीच्या दीडपट झालं की जवळ बसलेल्याला ते दोनच ऐकू येणार. लांब गेल्यावर ते मिसळतात, म्हणूनच बाल्कनीत सगळं जुळलं. माझ्याकडे बसायला जास्तीत जास्त अकरा-बारा फूट आहेत.

दोन उगम जुळवायचा हा झगडा फार जुना आहे. १९३० च्या दशकात मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या ध्वनिविभागात डग्लस शियरर आणि जॉन हिलियर्ड यांना टाचा वाजवत केलेल्या नाचाचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू यायला लागला. कारण एवढंच की खालच्या आवाजाच्या कर्ण्याची वाट वरच्यापेक्षा काही फुटांनी लांब होती. ती वाट आखडून त्यांनी नवी रचना केली आणि १९३६ साठीचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार तिला मिळाला. तिचे भाग जेम्स लान्सिंग यांच्या कारखान्यात बनले. पुढे अल्टेकने तो कारखाना विकत घेतला आणि लान्सिंग यांनी १९४६ साली वेगळी कंपनी काढली, ती जेबीएल. निपाणीतल्या पडद्यामागे जे उभं आहे त्याचं कूळ हे.

शिवाय ते मोनोचं सिनेमागृह, कर्णा एकच. माझ्या जुन्या तबकड्या मोनो आहेत, त्यामुळे एकावरही भागलं असतं, हा विचार दोन रात्री केला. पण ती वस्तू मोठ्या जागेची आहे. तिला अठरा फुटांत कोंडणं बरं नव्हे. मालकांना फोन करून नाही म्हटलं आणि युनिटवर कापड बांधून ठेवा, उंदरांपासून जपा, एवढी विनंती केली.

२४ मार्च

पुण्याच्या एका विक्रेत्याकडून क्लिपशहॉर्नचा जोड सुचवला गेला. पॉल क्लिपश यांनी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप गावी १९४६ पासून बनवलेला, कोपऱ्यात बसणारा कर्णा. यातली बुद्धी बघण्यासारखी आहे. कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण तरंगलांबीएवढा असेल तरच तो सूर नीट बाहेर पडतो. ४०० हर्ट्झला ८६ सेंटिमीटर घेर पुरतो, ६० हर्ट्झला पावणेसहा मीटर लागतो. एवढं तोंड घरात कुठून आणायचं? तर खोलीचा कोपराच कर्ण्याचं तोंड करायचा, दोन भिंती आणि जमीन यांचाच पुढचा भाग वापरायचा.

त्याला दोन कोपरे हवेत, दोन्हीकडे अखंड भिंत. माझ्याकडे एक. परसाचं दार बुजवायला आई तयार होणार नाही आणि मीही विचारणार नाही. तुळस तिकडे आहे. नाही.

८ एप्रिल

आज कुमार गंधर्वांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. जन्मगाव सुळेभावी, इथून जेमतेम पंधरा किलोमीटर. सकाळी जाऊन आलो. संध्याकाळी लहान स्पीकरवर बुवांची तबकडी लावली. त्यांच्या गाण्यात सुरांइतक्याच रिकाम्या जागा महत्त्वाच्या. क्षयाने फुप्फुस गेल्यानंतर त्यांनी श्वासाचा जो हिशेब बसवला, तो त्या जागांत आहे. आवाज बारीक केला आणि त्या जागा सपाट झाल्या. उद्या पाडवा. पाडव्याला काही ठरेल असं वाटलं होतं, ठरलं नाही.

२८ एप्रिल, मडगाव

ला स्काला, हाही क्लिपश यांचाच कर्णा. १९७० च्या दशकातला जोड, मूळ बर्च प्लायवूड, रंग नाही, पॉलिश नाही. मालक ऐंशीच्या घरातले काका. कुवेतहून परत येताना त्यांनी ते बरोबर आणले होते. विकायचं कारण त्यांनी दारातच सांगितलं: "म्हाका आतां एका कानान आयकूंक येना. दोन दवरून कितें करूं?" मी काय बोलणार. पाणी प्यालो आणि कामाला लागलो.

बॉक्स सुमारे तीन फूट उंच, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. तळाच्या दोन फुटांत दुमडलेला बेसचा कर्णा, वरच्या कप्प्यात मधला कर्णा आणि सगळ्यात वरच्या सुरांचं ट्विटर. वाटणी ४०० आणि ६००० हर्ट्झला. मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं, दीड फूट. ४०० ची तरंगलांबी पावणेतीन फुटांहून जास्त. म्हणजे दोन उगमांतलं अंतर तरंगलांबीच्या अर्ध्याच्या आसपास. कागदावर तरी हे जुळायला हवं.

सरगम लावली. दहा फुटांवर बसलो. मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत आवाज जागचा हलला नाही. पुन्हा लावली, डोळे मिटून. नाही हलला. मग बाई. मग हळू आवाजात बुवा. त्या रिकाम्या जागा होत्या, आणि त्यांत खोली होती.

दोषही लिहितो. ५० हर्ट्झच्या खाली काही नाही. तोंड लहान आहे, ते होणारच. पण माझा खर्ज ६९ ला आहे आणि ५० च्या खाली माझी खोली फुगणारी, म्हणजे ही उणीव माझ्या पथ्यावर पडणारी आहे. उजव्या बाजूचं ट्विटर मेलेलं. डाव्यातून बेसच्या एका सुराला फुर्र असा वारा सुटल्याचा आवाज. आणि दोन्ही बॉक्सच्या बाजूच्या फळ्या हात ठेवला की थरथरतात.

सांगितलेली किंमत दोन लाख ऐंशी हजार. ट्विटर दाखवल्यावर काकांनी आपणहून वीस कमी केले. आचारसंहिता चालू आहे, पन्नास हजारांवर रोख जवळ बाळगली तर कागद दाखवावे लागतात, म्हणून पैसे बँकेतून पाठवले आणि पावती लिहून घेतली.

५ मे

छोटा हत्ती ठरवून चोर्ला घाटातून आणले. एकेक ५५ किलोच्या वर. खाली गाद्या, मध्ये आईच्या दोन वाकळा, वर ताडपत्री. ७ तारखेला बेळगावचं आणि गोव्याचंही मतदान, त्यामुळे कणकुंबीला तपासणी. ताडपत्री सोडायला लावली. आत काय आहे म्हणाले, स्पीकर म्हटलं. कुठल्या पक्षाचा, हा पुढचा प्रश्न. पावती दाखवली, बॉक्सच्या पोटात बॅटरी मारून बघितली आणि सोडलं.

तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही, कारण ला स्कालाचा जन्मच प्रचारासाठी झालेला आहे. १९६३ साली क्लिपश यांनी तो विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या आर्कान्साच्या गव्हर्नरपदाच्या मोहिमेसाठी, भाषण लांबवर स्वच्छ पोचावं म्हणून आखला. माणसाचा आवाज हेच त्याचं पहिलं काम.

१९ मे

मामा आले. दोघांनी मिळून दोन्ही उघडले.

मधल्या कर्ण्यामागचं युनिट काढून मामांच्या हातात दिलं, के-५५-व्ही. त्यांनी वजन केल्यासारखं वरखाली केलं, आट्या बघितल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "ह्ये तर भोंग्याचं युनिट की." बरोबर ओळखलं. क्लिपशसाठी ते अ‍ॅटलस कंपनीने बनवलं, आणि अ‍ॅटलस ही सभा-मैदानांच्या भोंग्यांची युनिटं बनवणारी. पडदा फिनॉलिकचा, कापडावर राळ चढवून दाबलेला, मामांच्या परसातल्या युनिटांसारखा. सप्त्यातला हरिपाठ मी ज्या जातीच्या पडद्यावर ऐकत वाढलो, तीच जात इथे निघाली. मामा बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसले होते.

सुरांची वाटणी करणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये तेल भरलेले पत्र्याचे कंडेन्सर, एक १३ मायक्रोफॅरडचा आणि दोन २ चे. एकाच्या टोकाशी तेल पाझरलेलं. त्या काळच्या अशा कंडेन्सरांच्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं, म्हणून हातमोजे घालून काढले, फोडले नाहीत, डब्यात बंद करून वेगळे ठेवले. त्याच किमतीचे पॉलिप्रॉपिलीनचे नवे बसवले. बाकी कशाला हात लावला नाही.

डाव्या बाजूचा फुर्र तळातून सुटत होता. बेसच्या कोनमागची हवा पूर्ण कोंडलेली असावी लागते, आणि तळाच्या झाकणाची पट्टी वाळून कडक झाली होती. खडेबाजारात दारांना लावायची फोमची पट्टी मिळते, ती चिकटवली, स्क्रू समोरासमोरचे जोडीने आवळले. आवाज बंद.

९ जून

नव्वद टक्के काम झालं असं वाटत होतं, तेवढ्यात घरघर. जुन्या स्पीकरवर हे मशीन चिडीचूप असायचं, इथे दहा फुटांवरून गुणगुण ऐकू येते. कारण उघड आहे. जुना स्पीकर एका वॅटला ८७ डेसिबल देत होता, हा १०४ च्या आसपास. सतरा डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीत पन्नास पट. माझे पाच वॅट अडीचशेचं काम करतात, आणि मशीनमधली घाणही पन्नास पट मोठी होऊन पुढे येते. कर्णे घेणाऱ्याने मशीनचा विचार आधी करावा.

घराचं अर्थिंग आजोबांच्या वेळचं, जवळजवळ नसल्यासारखं. परसात नवा खड्डा खणून कोळसा-मीठ घालून पट्टी पुरली. तबकडीयंत्राची जमिनीची तार एकाच ठिकाणी जोडली, ट्रान्सफॉर्मर हातभर लांब सरकवला. आता कान कर्ण्यात घातला तरच काहीतरी आहे असं वाटतं.

७ जुलै

पाऊस. कौलांवर असा कोसळतोय की ऐकणं शक्य नाही. दमट हवेत कोनच्या कागदाचं काय होतं याची काळजी आहे, म्हणून रोज तासभर तरी कमी आवाजात तानपुरा चालू ठेवतो, व्हॉल्व्हची ऊबही खोलीला लागते.

ऐकता येत नाही तर खड्डा भरून घेतला. खालून मुरूम, धुम्मस करून, वर वाळू, वर शहाबादी फरशी. आजोबा त्यात पाय सोडून बसायचे, पावड्या तिथेच होत्या. एक पावडी भिंतीला लावून ठेवली आहे.

११ ऑगस्ट

फळ्यांची थरथर. मापनाचा माइक लावून संगणकावर पाहिलं तर १५० हर्ट्झच्या जवळपास एक शेपूट मागे रेंगाळत होतं. ते पुरुषाच्या मध्य षड्जाच्या अंगावर येतं, तेव्हा सोडून देण्यासारखं नव्हतं. ला स्कालाची ही जुनी खोड आहे, पाऊण इंची फळी तेवढ्या दाबाला कमी पडते.

मिस्त्री गोकाकचे, त्यांना मी कन्नडमिश्रित मराठीत समजावलं. मूळ लाकडाला खिळा नको, डिंक नको, उद्या काढायचं म्हटलं तर खूण राहता कामा नये. "हौद्री," म्हणाले आणि बॉक्सकडे पाठ करून चहा प्यायले. मग बेसच्या तोंडात, मधली पाचर आणि बाजूची फळी यांच्यामध्ये, सागाची एकेक आडवी पट्टी अशी तासून बसवली की ती नुसत्या ताणावर राहते, टोकांना नमद्याचा तुकडा. शेपूट निम्म्यावर आलं. मधला कर्णा धातूचा, टिचकी मारली की घंटेसारखा वाजायचा. त्याला बाहेरून मऊ लुकणाच्या दोऱ्या गुंडाळल्या.

उजव्या ट्विटरचा पडदा बदलून घेतला. नवा पडदा जुन्यापेक्षा किंचित तेज वाटतो. यावर अजून समाधान नाही.

२२ सप्टेंबर

गणपती झाले, पाऊस ओसरला. आता जागा.

भिंतीला चिकटवले तर खर्ज फुगतो, दोन फूट पुढे आणले तर अंगात जोर राहत नाही. शेवटी भिंतीपासून दहा इंच, आणि तोंडं इतकी आत वळवली की त्यांच्या सरळ रेषा माझ्या डोक्याच्या पुढे हातभर अंतरावर एकमेकींना छेदतात. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत सुताच्या उरलेल्या कचऱ्याची पोती छतापर्यंत रचली. ४७ चा घुमारा पूर्ण गेला नाही, पण तबल्याच्या बायाँची गमक आता मोजता येते. बाजूच्या भिंतींवर वाकळा टांगल्या. टाळी वाजवली की जो झणकारा यायचा तो गेला.

खुर्चीची जागा खडूने आखली: स्पीकरपासून अकरा फूट.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. आज मडगावचे काका मुलाबरोबर आले. सोनं द्यायला म्हणून मीच बोलावलं होतं. मामाही खानापूरहून आले. दोघांची भाषा निम्मी जुळते, पण युनिटावर पाऊण तास बोलले.

काकांसाठी मशीन मोनोवर घातलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी तेच येईल. कोणतं लावू विचारलं, तर म्हणाले तुझं रोजचं लाव. गंगूबाई लावल्या, रात्रीच्या बारीक आवाजात. काकांनी चांगला कान पुढे करून थोडं ऐकलं, मग उठले, खुर्ची स्वतःच उचलली, दीड फूट पुढे आणि जरा डावीकडे ठेवली आणि बसले. त्यानंतर तबकडीची बाजू संपेपर्यंत हलले नाहीत. पलीकडच्या खोलीतून आईने विचारलं, पाहुण्यांचा चहा आत्ता टाकू की बाई थांबल्यावर.

ते गेल्यावर त्या खुर्चीत बसून पाहिलं. तिथे पट्टीच्या मधला भाग माझ्या जागेपेक्षा भरीव आहे आणि नव्या ट्विटरचा तेजपणाही बोचत नाही. खडूने दुसरी खूण केली आहे, साडेनऊ फूट. पुढच्या रविवारी माइक तिथे लावून मोजायचं.